शेळीच्या दुधातील प्रथिने : मोजमापाच्या पद्धती आणि त्यांचा अर्थ

शेळीला गरिबाची गाय म्हणतात. कमी चाऱ्यावर, कमी जागेत आणि कोरडवाहू प्रदेशातही ती तग धरते. घरापुरते दूध ती देते आणि अडचणीच्या वेळी तिच्या विक्रीतून चार पैसेही मिळतात. १९१८-१९ मधील गंभीर आजारपणानंतर महात्मा गांधींनी मुंबईत डॉ. दलाल यांच्या आग्रहामुळे आणि कस्तुरबांच्या सूचनेवरून शेळीचे दूध घेण्यास प्रारंभ केला. त्यानंतर या दुधाभोवती एक वेगळेच वलय निर्माण झाले. अलीकडच्या काळात शहरांतून या दुधाची मागणी वाढली आहे. हे दूध पचायला हलके असते, गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला ते चालते, डेंग्यूत ते गुणकारी ठरते, असे दावे नेहमी ऐकू येतात.

या दाव्यांपैकी अनेकांचा संबंध दुधातील प्रथिनांशी आहे. दुधात प्रथिने किती आहेत आणि ती कोणती आहेत, हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर एका टक्केवारीत मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळवण्यासाठी प्रथिनांची फोड करावी लागते. दुधाला मिळणारा भाव, चीजचा उतारा, भेसळीचा शोध आणि तान्ह्या बाळाची सुरक्षितता या गोष्टी या दोन प्रश्नांतील फरकावर अवलंबून असल्यामुळे मोजमापाच्या पद्धती समजून घेणे अगत्याचे ठरते.

दुधातील प्रथिनांची घडण

शेळीच्या दुधात साधारणपणे ३ ते ३.५ टक्के प्रथिने असतात. जात, चारा, ऋतू आणि वेतातील काळ यांनुसार हे प्रमाण कमीजास्त होते. या प्रथिनांचे दोन मोठे गट पडतात. पहिला गट केसीनचा. दूध आंबवले किंवा त्यात रेनेट हे विकर घातले की जे साकळते ते केसीन. एकूण प्रथिनांपैकी सुमारे चार पंचमांश वाटा केसीनचा असतो. दुसरा गट निवळीतील प्रथिनांचा. दूध साकळल्यानंतर जे पिवळसर पाणी सुटते त्यात ही प्रथिने विरघळलेल्या स्थितीत राहतात.

केसीन हा एकच पदार्थ नव्हे. त्यात अल्फा-एस-१, अल्फा-एस-२, बीटा आणि कप्पा अशी चार प्रथिने असतात. दुधात ती कॅल्शियम व फॉस्फेट यांच्यासह अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगतात. कप्पा केसीन या गोळ्यांच्या पृष्ठभागावर राहून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. रेनेट नेमके हे कवच कापते आणि दूध साकळते. निवळीत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आणि अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन ही दोन प्रमुख प्रथिने असतात. त्याशिवाय रक्तातून आलेले अल्ब्युमिन आणि रोगप्रतिकारक इम्युनोग्लोब्युलिने थोड्या प्रमाणात आढळतात.

गाईच्या आणि शेळीच्या दुधात प्रथिनांची नावे सारखीच असली तरी त्यांचे परस्परप्रमाण सारखे नसते. गाईच्या केसीनमध्ये अल्फा-एस-१ चा वाटा मोठा असतो. शेळीच्या दुधात बीटा केसीन प्रमुख असते आणि अल्फा-एस-१ चे प्रमाण शेळीगणिक कमालीचे बदलते. काही शेळ्यांच्या दुधात ते भरपूर असते, तर काहींच्या दुधात अजिबात नसते. केवळ एकूण टक्केवारी पाहून हा भेद ओळखता येत नाही.

नत्रावरून प्रथिनांचा अंदाज

प्रथिने मोजण्याची मूळ पद्धत डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये मांडली. ते कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करीत होते आणि बिअरसाठी लागणाऱ्या धान्यातील प्रथिने मोजणे ही त्यांची गरज होती. सर्व प्रथिनांत नत्र असते, तर स्निग्ध पदार्थांत आणि दुधातील साखरेत ते जवळजवळ नसते. त्यामुळे नत्र मोजले की प्रथिनांचा अंदाज बांधता येतो, हे या पद्धतीचे तत्त्व होय.

या पद्धतीत दुधाचा अचूक तोललेला नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमानाला उकळला जातो. पोटॅशियम सल्फेटमुळे आम्लाचा उत्कलनबिंदू वाढतो आणि तांब्याचे क्षार उत्प्रेरकाचे काम करतात. सेंद्रिय पदार्थ जळून जातात आणि त्यांतील नत्राचे अमोनियम सल्फेट बनते. थंड झालेल्या द्रावणात कॉस्टिक सोडा मिसळून ऊर्ध्वपातन केले की अमोनिया वायू मोकळा होतो. तो बोरिक आम्लात शोषला जातो आणि शेवटी अनुमापनाने त्याचे प्रमाण काढले जाते. दुधातील प्रथिनांत सरासरी १५.६७ टक्के नत्र असते असे मानून मिळालेल्या नत्राला ६.३८ ने गुणले जाते. हा गुणक गाईच्या दुधावरून ठरलेला आहे, मात्र शेळीच्या दुधासाठीही तोच वापरण्याची प्रथा आहे. आज ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली असून अन्य बहुतेक उपकरणे तिच्याशी ताडून पाहिली जातात.

मात्र दुधातील सर्वच नत्र प्रथिनांचे नसते. युरिया, क्रिएटिन, मुक्त अ‍ॅमिनो आम्ले अशा लहान रेणूंमध्येही नत्र असते. त्याला प्रथिनेतर नत्र म्हणतात. गाईच्या दुधात एकूण नत्रापैकी सुमारे ५ टक्के नत्र या प्रकारचे असते. शेळीच्या दुधात हा वाटा अधिक, बहुधा ८ टक्क्यांच्या आसपास असतो. त्यामुळे शेळीच्या दुधाच्या बाबतीत नुसत्या एकूण नत्रावर विसंबले तर प्रथिने प्रत्यक्षाहून जास्त दिसतात.

यावर उपाय म्हणजे नत्राची विभागणी. ब्रिटिश संशोधक एस. जे. रोलंड यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या रीतीनुसार एकाच दुधाचे तीन वेळा मापन केले जाते. प्रथम संपूर्ण दुधातील नत्र मोजतात. दुसऱ्या भागात अ‍ॅसेटिक आम्ल व सोडियम अ‍ॅसिटेट घालून सामू ४.६ वर आणतात. त्यामुळे केसीन खाली बसते आणि गाळलेल्या द्रवातील नत्र हे केसीनेतर नत्र ठरते. तिसऱ्या भागात ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल घातले की सर्व प्रथिने साकळतात आणि गाळलेल्या द्रवात केवळ प्रथिनेतर नत्र उरते.

उदाहरणादाखल, एका नमुन्यात एकूण नत्र ०.५५ टक्के, केसीनेतर नत्र ०.१३ टक्के आणि प्रथिनेतर नत्र ०.०४५ टक्के आहे असे समजू. एकूण नत्राला ६.३८ ने गुणले तर प्रथिने ३.५१ टक्के येतात. प्रथिनेतर नत्र वजा केले की खरी प्रथिने ३.२२ टक्केच भरतात. त्यांपैकी केसीन २.६८ टक्के आणि निवळीतील प्रथिने ०.५४ टक्के. पहिला आकडा आणि दुसरा आकडा यांत जो फरक दिसतो, त्यातून चीजही होत नाही आणि शरीराला प्रथिनेही मिळत नाहीत.

नत्राचा चकवा

नत्र म्हणजेच प्रथिने हे समीकरण किती घातक ठरू शकते हे २००८ मध्ये चीनमध्ये दिसून आले. गाईच्या दुधात पाणी मिसळल्यावर कमी झालेली प्रथिनांची टक्केवारी भरून काढण्यासाठी त्यात मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळण्यात आले होते. मेलामाइनच्या वजनात सुमारे ६६ टक्के नत्र असते. प्रयोगशाळेतील तपासणीत नत्र योग्य प्रमाणात आढळले आणि दूध उत्तीर्ण झाले. ते दूध बालकांच्या भुकटीत गेले. सुमारे तीन लाख बालके मूत्रपिंडाच्या विकारांनी आजारी पडली आणि सहा बालकांचा मृत्यू झाला.

यामागचे गणित सोपे आहे. एक लीटर दुधात एक ग्रॅम मेलामाइन मिसळले तर केल्डाल पद्धतीत सुमारे सव्वाचार ग्रॅम प्रथिने वाढल्याचा भास होतो. एक ग्रॅम युरिया मिसळला तर तोच भास सुमारे तीन ग्रॅमचा असतो. मापन पद्धतीत त्यावेळी कोणतीही चूक नव्हती. नत्र तिने अचूक मोजले होते, पण ते नत्र कोणाचे हे विचारलेच गेले नव्हते. रोलंड यांच्या विभागणीत ही लबाडी उघडी पडते, कारण मेलामाइन आणि युरिया दोन्ही प्रथिनेतर नत्रात मोजले जातात. दररोज शेकडो नमुने तपासणाऱ्या केंद्रांवर मात्र तिहेरी मापन करणे व्यवहार्य नसते.

जलद पद्धती

केल्डाल पद्धतीला काही तास लागतात आणि तीव्र आम्ल हाताळावे लागते. त्यामुळे पर्यायी पद्धती पुढे आल्या. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाँ-बाप्तिस्त द्यूमा यांची ज्वलनाची पद्धत केल्डाल यांच्याही आधीची. तिचे आधुनिक रूप आता अनेक प्रयोगशाळांत वापरले जाते. नमुना प्राणवायूच्या सान्निध्यात ९०० अंशांहून अधिक तापमानाला जाळला जातो, निघालेल्या वायूंतील नत्राचे ऑक्साइड तांब्यावरून नेऊन नत्रवायूत बदलले जातात आणि तो वायू मोजला जातो. काही मिनिटांत निकाल मिळतो आणि आम्लाची गरज राहत नाही. परंतु ही पद्धतही केवळ नत्रच मोजते.

संकलन केंद्रांवर आणि मोठ्या डेअऱ्यांत अवरक्त किरणांवर चालणारी यंत्रे असतात. प्रथिनांतील अ‍ॅमिनो आम्ले ज्या पेप्टाइड बंधाने जोडलेली असतात तो बंध ६.४६ मायक्रोमीटरच्या आसपासची अवरक्त किरणे शोषतो. किती किरणे शोषली गेली यावरून प्रथिनांचे प्रमाण काढले जाते. येथे नत्राऐवजी प्रथिनांची स्वतःची खूण पाहिली जाते, हा मोठा फायदा होय. एका मिनिटाच्या आत प्रथिने, स्निग्धांश आणि दुग्धशर्करा यांचे आकडे मिळतात. तथापि यंत्र जे गणित करते ते त्याला शिकवलेल्या नमुन्यांवर आधारलेले असते. गाईच्या दुधावर प्रमाणित केलेल्या यंत्रात शेळीचे दूध घातले तर आकडा येतो, पण तो विश्वासार्ह नसतो. शेळीच्या दुधाचे नमुने केल्डाल पद्धतीने मोजून त्यांच्या आधारे यंत्राचे वेगळे प्रमाणीकरण करावे लागते आणि ते वेळोवेळी तपासावे लागते.

लहान डेअरीत फॉर्मॉल अनुमापन ही स्वस्त पद्धत उपयोगी पडते. दुधाची आम्लता आधी उदासीन करून त्यात फॉर्मॅल्डिहाइड घातले की ते प्रथिनांच्या अमिनो गटांना बांधून टाकते आणि नवी आम्लता प्रकट होते. ती सोडियम हायड्रॉक्साइडने मोजून ठरावीक गुणकाने प्रथिने काढतात. दूध टिकवण्यासाठी त्यात फॉर्मेलिन आधीच टाकलेले असेल तर ही चाचणी फसते. रंगद्रव्य-बंधन ही आणखी एक रीत. अमिडो ब्लॅकसारखे रंगद्रव्य प्रथिनांना चिकटते आणि द्रावणात उरलेल्या रंगावरून प्रथिनांचे प्रमाण कळते.

प्रथिनांची फोड

या सर्व पद्धतींनी 'किती' हे कळते. 'कोणती' हे कळण्यासाठी प्रथिने एकमेकांपासून वेगळी करावी लागतात. त्यासाठी सर्वाधिक रुळलेले तंत्र म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस. जेलीसारख्या पातळ थरावर दुधाचा थेंब ठेवून विद्युतप्रवाह सोडला की प्रथिने आपापल्या विद्युतभारानुसार किंवा आकारानुसार वेगवेगळे अंतर कापतात. नंतर निळ्या रंगाने रंगवल्यावर त्यांचे पट्टे दिसतात. केसीनची प्रथिने वजनाने जवळपास सारखी असल्याने आणि ती एकमेकांना बिलगत असल्याने युरियायुक्त जेल वापरून त्यांना भारानुसार वेगळे करणे सोयीचे पडते. अल्फा-एस-१ चा पट्टा ठळक आहे, पुसट आहे की मुळीच नाही, हे नुसत्या नजरेलाही समजते. पट्ट्यांची गडदता यंत्राने मोजून टक्केवारीही काढता येते. मात्र रंग सर्व प्रथिनांना सारख्याच प्रमाणात चिकटत नसल्याने ही टक्केवारी तुलनेपुरती मानावी लागते.

अधिक नेमके मापन उच्च क्षमतेच्या द्रव वर्णलेखनाने, म्हणजेच एचपीएलसी या नावाने परिचित असलेल्या तंत्राने होते. दुधातील केसीनचे गोळे आधी ग्वानिडीन किंवा युरियासारख्या रसायनांनी मोडले जातात. मग हे द्रावण सूक्ष्म कणांनी भरलेल्या नळीतून उच्च दाबाने सोडतात. अ‍ॅसिटोनायट्रिलचे प्रमाण हळूहळू वाढवत नेले की एकेक प्रथिन नळीतून बाहेर पडते आणि अतिनील किरणांच्या शोषणामुळे आलेखावर त्याचे शिखर उमटते. शिखराखालील क्षेत्रफळ म्हणजे त्या प्रथिनाचे प्रमाण.

याच्या जोडीला वस्तुमान वर्णपटमापक असेल तर प्रथिनाचे रेण्वीय वजनच कळते. शेळीच्या अल्फा-एस-१ केसीनमध्ये १९९ अ‍ॅमिनो आम्ले असतात. त्यांतील काही गळाली तर वजन तेवढे घटते, एक फॉस्फेट गट अधिक असेल तर ८० डाल्टनांनी वाढते. अशा फरकांवरून प्रथिनाचा नेमका प्रकार ओळखता येतो. ही उपकरणे महाग आहेत आणि त्यांना प्रशिक्षित हात लागतात. त्यामुळे ती रोजच्या तपासणीसाठी नसून संशोधनासाठी आणि वादग्रस्त नमुन्यांसाठी वापरली जातात.

फ्रान्स आणि नॉर्वेचा अनुभव

प्रथिनांची फोड केल्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण फ्रान्समध्ये सापडते. तेथे शेळीच्या दुधाचे प्रामुख्याने चीज बनते आणि दुधाच्या भावात प्रथिनांना महत्त्व असते. फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेतील फ्राँस्वा ग्रोक्लोद व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात शेळ्यांच्या दुधाचे इलेक्ट्रोफोरेसिस करून अल्फा-एस-१ केसीनचे अनेक आनुवंशिक प्रकार ओळखले. हे प्रकार केवळ रचनेत भिन्न नव्हते. ते दुधात किती प्रमाणात उतरतात यातही मोठी तफावत होती.

ए, बी आणि सी हे प्रबळ प्रकार. आई किंवा बापाकडून आलेल्या अशा एका जनुकामागे दर लीटर दुधात सुमारे साडेतीन ग्रॅम अल्फा-एस-१ केसीन तयार होते. ई या मध्यम प्रकारात ते सुमारे एक ते दीड ग्रॅम असते, एफ या दुर्बल प्रकारात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, तर शून्य प्रकारात काहीच नसते. याचा अर्थ, दोन्ही बाजूंनी प्रबळ जनुक मिळालेल्या शेळीच्या लीटरभर दुधात हे प्रथिन सात ग्रॅमपर्यंत आणि दोन्ही बाजूंनी दुर्बल जनुक मिळालेल्या शेळीच्या दुधात जेमतेम एक ग्रॅम. पहिल्या शेळीच्या दुधाचे दही घट्ट लागते आणि चीजचा उतारा अधिक मिळतो. दुसरीच्या दुधाची साय मऊ, दही सैल आणि शेळीचा विशिष्ट वास अधिक तीव्र असतो.

पुढील संशोधनात या फरकांचे मूळ जनुकापर्यंत पोहोचले. एफ प्रकारात जनुकातील एकच अक्षर गळालेले असते. त्यामुळे संदेश जुळवताना त्याचे तीन तुकडे वगळले जातात आणि तयार होणाऱ्या प्रथिनात ३७ अ‍ॅमिनो आम्ले कमी पडतात. ई प्रकारात जनुकाच्या शेवटच्या टोकाला डीएनएचा एक लांब परका तुकडा येऊन बसलेला असतो. या ज्ञानाचा व्यवहारात मोठा उपयोग झाला. बोकड दूध देत नाही, त्यामुळे त्याच्याकडून कोणत्या गुणाचे दूध पुढच्या पिढीत उतरेल हे पूर्वी त्याच्या मुली दुधाला येईपर्यंत कळत नसे. आता रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यावरून डीएनए चाचणी करता येऊ लागली. फ्रान्समध्ये १९९० च्या दशकापासून कृत्रिम रेतनासाठी बोकड निवडताना या जनुकाचा विचार होऊ लागला.

नॉर्वेत याच्या उलट चित्र होते. तेथील दुधाळ शेळ्यांत शून्य प्रकारच्या जनुकाचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक आढळले. दुधात घनपदार्थ कमी आणि चवीबाबत तक्रारी अधिक, अशी तेथील डेअऱ्यांची अडचण होती. तिचा संबंध या जनुकाशी असल्याचे स्पष्ट झाल्यावर हे जनुक नसलेले बोकड पैदाशीसाठी निवडण्यात येऊ लागले. दुधाच्या नुसत्या टक्केवारीवर समाधान मानले असते तर दोष चाऱ्याला किंवा हाताळणीला दिला गेला असता.

भेसळ कशी ओळखतात?

शेळीचे दूध महाग आणि तुटपुंजे असल्याने त्यात गाईचे दूध मिसळण्याचा मोह सर्वत्र होतो. गाईच्या दुधात प्रथिनांची टक्केवारी जवळपास तेवढीच असल्यामुळे केल्डाल किंवा अवरक्त यंत्राला ही भेसळ दिसत नाही. येथे प्रथिनांची ओळखच कामी येते. युरोपीय संघाच्या अधिकृत पद्धतीत नमुन्यातील केसीनवर प्लाझ्मिन या विकराची प्रक्रिया करतात. त्यातून गॅमा केसीन नावाचे तुकडे तयार होतात. गाईच्या आणि शेळीच्या या तुकड्यांचा विद्युतभार वेगळा असल्याने समविद्युत् बिंदूवर आधारित इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये ते निरनिराळ्या जागी थांबतात. १ टक्का गाईचे दूध मिसळलेला प्रमाण नमुना शेजारी ठेवून तुलना केली जाते. याखेरीज प्रतिपिंडांवर आधारित एलायझा आणि डीएनएवर आधारित पीसीआर या चाचण्याही वापरात आहेत.

बाळाचे दूध आणि अ‍ॅलर्जी

प्रथिनांच्या फोडीचा सर्वांत नाजूक संबंध तान्ह्या बाळांशी येतो. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला शेळीचे दूध द्यावे, असा सल्ला घरोघरी दिला जातो. हा सल्ला धोक्याचा आहे. दोन्ही दुधांतील केसीन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन रचनेने इतके मिळतेजुळते असतात की शरीरातील प्रतिपिंडांना त्यांच्यातील फरक बहुधा ओळखता येत नाही. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुसंख्य बालकांना शेळीच्या दुधाचीही बाधा होते. ज्या दुधात अल्फा-एस-१ कमी आहे ते तुलनेने सौम्य असू शकेल, असा विचार संशोधकांनी मांडला आहे. परंतु अन्य केसीन आणि निवळीतील प्रथिने त्यातही असतातच आणि बाजारातून आणलेले दूध कोणत्या जनुकाच्या शेळीचे हे ग्राहकाला माहीत नसते. दुग्धशर्करा न पचणे हा वेगळाच विकार होय. शेळीच्या दुधातही ४ टक्क्यांहून अधिक दुग्धशर्करा असल्याने त्यावरही ते औषध ठरत नाही.

एक वर्षाखालील बाळाला वरचे दूध म्हणून निव्वळ शेळीचे दूध देण्यात आणखी एक अडचण आहे. आईच्या दुधात प्रथिने सुमारे १ टक्का असतात. शेळीच्या दुधात ती जवळजवळ तिप्पट असल्याने बाळाच्या मूत्रपिंडावर भार पडतो. त्यात फोलेट हे जीवनसत्त्वही अत्यल्प असते. केवळ या दुधावर वाढवलेल्या बाळांना होणाऱ्या रक्तक्षयाची नोंद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच वैद्यकशास्त्राने घेतली होती. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये शेळीच्या दुधातील प्रथिने बालकांच्या भुकटीसाठी योग्य ठरवली. मात्र त्या भुकटीत प्रथिने, क्षार व जीवनसत्त्वे मोजून जुळवलेली असतात. ती भुकटी आणि घरी आणलेले दूध एक नव्हे. अ‍ॅलर्जी असलेल्या बाळासाठी तर डॉक्टरांचा सल्लाच घ्यायला हवा. डेंग्यूत शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात या समजुतीलाही शास्त्रीय आधार मिळालेला नाही.

नमुना चुकला तर सारेच चुकते

उपकरण कितीही अचूक असले तरी नमुना चुकीचा असेल तर निकाल व्यर्थ ठरतो. विल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतील चिकात इम्युनोग्लोब्युलिनांमुळे प्रथिने फार जास्त असतात. नंतर दूध वाढत जाते तशी टक्केवारी उतरते आणि वेताच्या अखेरीस पुन्हा चढते. म्हणून एका दिवसाच्या नमुन्यावरून शेळीची गुणवत्ता ठरवता येत नाही. वेतात ठरावीक अंतराने, सकाळ-संध्याकाळच्या दुधातून प्रमाणशीर नमुने घ्यावे लागतात.

कासदाह झालेल्या शेळीचे दूध विशेष फसवे असते. रक्तातील प्रथिने दुधात झिरपतात आणि प्लाझ्मिन केसीनचे तुकडे करते. एकूण प्रथिने पूर्वीइतकीच दिसतात, पण त्यातील केसीन घटलेले असते. दूध उकळलेले असल्यासही विभागणी चुकते. उष्णतेने निवळीतील प्रथिने केसीनला चिकटतात, सामू ४.६ वर त्याच्यासोबतच खाली बसतात आणि केसीनचा आकडा फुगतो. त्यामुळे नमुना कच्चा, थंड ठेवलेला आणि नीट ढवळलेला असावा लागतो.

महाराष्ट्रातील स्थिती

शेळीच्या दुधाच्या उत्पादनात भारत जगात आघाडीवर आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या होत्या आणि त्यांपैकी एक कोटीहून अधिक महाराष्ट्रात होत्या. मराठवाड्यातील उस्मानाबादी, संगमनेर परिसरातील संगमनेरी, विदर्भातील बेरारी आणि सिंधुदुर्गातील कोकण कन्याळ या राज्याच्या मान्यताप्राप्त जाती. त्या बहुतांशी मांसासाठी पाळल्या जातात. दूध घरी आणि करडांसाठी वापरले जाते, संकलनाची व्यवस्था तुरळकच आहे.

जेथे दूध विकले जाते तेथे भाव फॅट आणि एसएनएफ यांवर ठरतो. एसएनएफमध्ये दुग्धशर्करा, क्षार आणि प्रथिने असे सारेच येते. लॅक्टोमीटरच्या आधारे काढलेला हा आकडा प्रथिनांबद्दल वेगळे काही सांगत नाही. दोन शेळ्यांचा एसएनएफ जवळपास सारखा असूनही एकीच्या दुधाचे चीज अधिक उतरू शकते आणि त्याचा मोबदला तिच्या मालकाला मिळत नाही. मथुरेजवळ मखदूम येथे १९७९ पासून केंद्रीय शेळी संशोधन संस्था कार्यरत आहे. भारतीय जातींवर झालेल्या जनुकीय अभ्यासांत अल्फा-एस-१ केसीनचे प्रबळ प्रकार मोठ्या प्रमाणात आढळले आहेत. युरोपला जे गुण निवडीने मिळवावे लागले ते येथील शेळ्यांत बऱ्याच अंशी मुळातच आहेत, असा त्याचा अर्थ होतो. केवळ लीटरमध्ये दूध मोजून विदेशी रक्ताचा संकर करत गेल्यास हा ठेवा नकळत हातचा जाऊ शकतो.

म्हणूनच मोजमापाची पद्धत निवडण्यापूर्वी प्रश्न निश्चित करणे आवश्यक असते. दूध संकलनासाठी शेळीच्या दुधावर प्रमाणित केलेले अवरक्त यंत्र पुरेसे आहे. त्याच्या आकड्याची खातरजमा केल्डाल पद्धतीने व्हायला हवी आणि नत्राबाबत संशय आल्यास प्रथिनेतर नत्र वेगळे मोजायला हवे. पैदाशीचा बोकड निवडताना जनुक चाचणी, भेसळीच्या शंकेसाठी इलेक्ट्रोफोरेसिस आणि वादाच्या प्रसंगी वस्तुमान वर्णपट, अशी ही उतरंड आहे. पिशवीवर छापलेली प्रथिनांची टक्केवारी वाचताना ग्राहकानेही इतके ध्यानात ठेवावे की, तो आकडा प्रथिनांचे प्रमाण सांगतो. ती प्रथिने कोणती आहेत आणि ती कोणाला मानवतील, हे त्या आकड्यावरून कळत नाही.